आधी सुई बाहुलीला

जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर पडलं, चिकलठाण्याचं विमानतळ मागे टाकलं की थोड्या वेळाने शेंद्र्याची एमआयडीसी लागते. २००१ पासून इथे स्कोडाच्या मोटारी तयार होतात. ऑरिक हे नवं औद्योगिक शहरही इथेच वसतं आहे. कोणत्याही बऱ्या कारखान्यात नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी चालू मशीनपुढे उभं करत नाहीत. आधी बंद मशीन दाखवतात, बटणं ओळखायला लावतात, मग हात लावू देतात. त्याच कामगाराची पाच वर्षांची मुलगी डीपीटीच्या दुसऱ्या बूस्टरसाठी अंगणवाडीत येते, तेव्हा तिला मात्र कोणी काही दाखवत नाही. आई दंड धरते, नर्सबाई सुई टोचतात, ‘झालं, झालं’ म्हणत सगळे मोकळे होतात. मुलगी मोकळी होत नाही. पुढच्या वेळी लसीची पेटी दारात दिसली तरी ती भोकाड पसरते.

ही भीती ती पोटातून घेऊन आलेली नसते. ‘जेव मुकाट्याने, नाहीतर डॉक्टरकाका मोठं इंजेक्शन देतील’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारलं गेलं नाही, असं घर मला तरी माहीत नाही. बागुलबुवाची नोकरी आपण डॉक्टरला देऊन टाकली. आणि त्याच डॉक्टरपुढे मूल बसवल्यावर आपण म्हणतो, ‘काही होत नाही रे, मुंगी चावल्यासारखं.’ आधी धमकी, मग थाप. लसीकरणातल्या वेदनेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी भूमिका मांडली, तिच्यात खोटा दिलासा देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. तान्ह्याला पाजताना किंवा पाजल्यावर लगेच लस द्यावी, लहान मुलाला आईने कुशीत धरावं, सहा वर्षांखालच्यांचं लक्ष खेळण्याने किंवा गाण्याने दुसरीकडे वळवावं, असंही त्यात आहे. यातल्या कशालाही वेगळं बजेट लागत नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाचं तर्कशास्त्र निराळं असतं. आजार ही आपल्या खोडीची शिक्षा, असं त्याला खरोखर वाटू शकतं. सुईने पडलेल्या भोकातून सगळं रक्त वाहून जाईल, असंही वाटतं, म्हणून तर टोचल्यावर चिकटपट्टी लावली की रडं थांबतं. अशा मुलाला रोगप्रतिकारशक्ती समजावून सांगण्यात अर्थ नाही. त्याला बाहुली समजते.

हे रुग्णालयांच्या ध्यानात यायला फार काळ गेला. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडात एक साधा चित्रपट काढला. लॉरा नावाची दोन वर्षांची मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात एकटी राहते, एवढाच त्याचा विषय. आई-बाप भेटले की मुलं उगाच रडतात, म्हणून त्यांना लांब ठेवायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. १९५९ च्या प्लॅट अहवालाने तो मोडीत काढायला सांगितलं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात एमा प्लँक या बाईंनी १९५५ पासून आजारी मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचा विभाग चालवला. मूळच्या त्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका.

इथे मला ताराबाई मोडक आठवल्याशिवाय राहत नाहीत. माँटेसरीचाच धागा भावनगरमध्ये गिजुभाई बधेकांबरोबर त्यांच्या हाती आला आणि १९४५ मध्ये बोर्डीला पोचला. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, ही त्यांची ‘अंगण बालवाडी’. एकाच मुळाच्या दोन फांद्या: प्लँकबाईंनी खेळ इस्पितळात नेला, ताराबाईंनी अंगणात. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि देशभर ‘अंगणवाडी’ हेच नाव रुळलं. त्या एकाच खोलीत आता खाऊ मिळतो, वजन होतं, गाणी होतात आणि महिन्यातून एकदा लसीची पेटीही येते. म्हणजे खेळ आणि सुई एका छपराखाली आहेत, फक्त त्यांची ओळख कोणी करून दिलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. तेव्हाही बहुतेक मुलं स्टेथोस्कोप प्रथम पाहतात तो थेट स्वतःच्या छातीवर.

खेळाचा उपयोग होतो का, हे तपासून पाहिलेलं आहे. १९७५ मध्ये मेलामेड आणि सीगल यांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या चार ते बारा वर्षांच्या ६० मुलांपैकी निम्म्यांना इथन नावाच्या मुलाच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. ती पाहिलेली मुलं कमी घाबरली. आपल्याकडचं उदाहरण दाताच्या खुर्चीतलं आहे. बालदंतवैद्य ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ हा मंत्र पूर्वीपासून पाळतात. महाराष्ट्रातल्या विश्वकर्मा आणि सहकाऱ्यांनी त्यातलं ‘दाखवा’ काढून ‘खेळा’ घातलं. पाच ते सात वर्षांच्या ९८ मुलांवर केलेला हा प्रयोग २०१७ मध्ये भारतीय बालदंतवैद्यांच्या नियतकालिकात छापून आला. एका गटाने दुसऱ्यावर उपचार होताना पाहिले. दुसऱ्या गटाने खेळण्यातली दंतवैद्यकीय हत्यारं हाताळून स्वतःच डॉक्टर होऊन पाहिलं. खेळलेल्यांची भीती जास्त उतरली.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. सुईच्या वेदनेवरच्या ५९ चाचण्यांचा २०१८ मध्ये जो कॉक्रेन आढावा निघाला, त्यात लक्ष वळवणं आणि श्वासाचे खेळ यांचा उपयोग दिसला. नुसती माहिती देऊन उपयोग होतो, याचा ठोस पुरावा मिळाला नाही. भिंतीवर रंगीत तक्ता लावून काम होत नाही. मुलाच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. महागडं लागतंच असं नाही. पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात स्कॅनच्या यंत्राला समुद्री चाच्यांच्या सफरीचं रूप दिलं गेलं, ते कौतुकाचंच. पण शेंद्र्याला जुन्या साडीची बाहुली पुरे.

याच गावाची आणखी एक ओळख आहे. शेंद्रा कमंगरला चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते, आणि नवस फेडायला पाठीत लोखंडी गळ टोचून घेण्याची इथे जुनी प्रथा. तिला विरोध झाला, तो योग्यच होता. पण एक गोष्ट मला खटकत राहते. गळ टोचून घेणाऱ्याला कशासाठी, कधी, कुठे टोचणार हे पक्कं ठाऊक असतं. पाच वर्षांच्या पोरीला यातलं काहीच कोणी सांगत नाही, आणि तिची सुई तर तिच्याच भल्याची.

तर अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना विनंती. लसीकरणाच्या आदल्या आठवड्यात भातुकलीत एक दवाखाना मांडा. सिरिंज नवी, सुई काढलेली असावी. उकिरड्यावरची उचलून पाणी उडवत फिरणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, तसली सिरिंज मुळीच नको. बाहुलीचा दंड कापसाने पुसायचा, फुग्यात हवा भरल्यासारखी लांब फुंकर मारायची, टोचायचं, पट्टी लावायची. बाहुली रडली तर रडू द्या. ‘दुखतं, पण थोडा वेळ’ हे मुलांनाच बाहुलीला सांगू द्या. आणि जी मुलगी सगळ्यात जास्त घाबरते, तिला डॉक्टरीणबाई करा.