दमा पहाटेच का उठतो?

आंजर्ल्याच्या खाडीत पाणी चढते आणि उतरते. हे आपण रोज बघतो. आपल्या छातीतही अशी भरती-ओहोटी असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. खाडीला भरती दिवसातून दोनदा, छातीला एकदाच.

छातीत दोन फुप्फुसे आहेत. नाकातून घेतलेली हवा बारीक बारीक नळ्यांतून फुप्फुसांत जाते. लोहाराचा भाता आठवा. त्याची नळी चोंदली, तर भाता कितीही दाबा, वारा कमीच येणार. आपल्या छातीतल्या नळ्या दुपारी चारच्या सुमारास चांगल्या मोकळ्या असतात. पहाटे चारच्या सुमारास त्या आवळतात.

धडधाकट माणसाला हे कळतही नाही. त्याच्या दमातला फरक शंभरात आठाच्या आसपास. पण दमेकऱ्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या. १९८० साली इंग्लंडातल्या डॉक्टरांनी मोजून पाहिले, तेव्हा दमेकऱ्यांत हा फरक सरासरी शंभरात पन्नास भरला!

आपण म्हणतो, गार वारा लागला म्हणून दमा उठला. गार हवा, चुलीचा धूर, पावसाळ्यातली ओल यांनी दमा वाढतो, हे खरेच. पण दारे-खिडक्या लावल्या तरी पहाटे दम लागतोच, त्याचे काय? २०२१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी काही दमेकऱ्यांना मंद उजेडात ३८ तास जागे ठेवले. झोप नाही, बाहेरचा वारा नाही. तरी रात्री त्यांचा दम उतरलाच. म्हणजे शरीरातच एक घड्याळ आहे. नळ्या मोकळ्या ठेवणारे रस शरीर दिवसा जास्त करते, रात्री कमी.

आता खरी अडचण ऐका. आजी पहाटे उठून पडवीत बसते, धापा टाकते. घरचे म्हणतात, सकाळी दवाखान्यात जाऊ. दहा वाजता डॉक्टर तपासतात, तोवर नळ्या सैलावलेल्या. आजी म्हणते, "आता बरं आहे हो!" मग डॉक्टरांना रात्रीचे कळणार कसे?

म्हणून रात्रीचे आपणच सांगायचे. आठवड्यातून किती वेळा जाग आली, किती वाजता आली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. लिहिता येते ना आता! फुंकून दम मोजायची एक साधी नळी मिळते. डॉक्टरांनी सांगितले तर सकाळ-संध्याकाळ तीत फुंका आणि आकडा टिपा. दोन आकड्यांत फार अंतर पडले, तर दमा ताब्यात नाही असे डॉक्टर ओळखतात आणि औषध बदलतात. ओढायचा पंप दिला असेल, तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. पंपाची सवय लागते, हा नुसता गैरसमज.

आणि बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळे पडले, पंपानेही उतार पडेना, तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गाडी रात्रीही येते, पैसे पडत नाहीत.