दाढ, राब आणि पाठोपाठ राहून केलेलें निरीक्षण

मोडी कागदांत अक्षर न लागण्याची अडचण सर्वश्रुत आहे; अक्षर लागूनही अर्थ न लागण्याची तितकी बोलली जात नाहीं. पोलादपूर भागांतील एका घरच्या हिशेबी पानांत प्रस्तुत लेखकास ‘दाढ भाजणें, मजुरी’ असें कलम आढळलें. दंष्ट्रेपासून दाढ, हें शाळेंत आम्हीच शिकविलेलें; तेव्हां दुखऱ्या दाढेस डाग दिल्याचा हा खर्च असावा असें टिपण केलें. तें छापलें गेलें नाहीं, हें सुदैव.

पुढें महाड तालुक्यांतील एका शेतकऱ्यामागें माघापासून आषाढापर्यंत अधूनमधून दिवसभर राहण्याचा योग आला. ऐन-किंजळाचा कवळ तोडून वाळवावयाचा. मग जमिनीवर शेण, त्यावर कवळ, पातेरा व गवत, आणि सर्वांवर बारीक माती असे थर देऊन पेटवावयाचे, हा राब. ज्या तुकड्यावर राब भाजून भाताचें बीं पेरतात ती दाढ; तेथील रोपें चिखलणी केलेल्या खाचरांत लावतात. (या दाढेचें नातें दंष्ट्रेपेक्षां दाहाशीं असावें, असें आतां वाटतें.) वर माती कां, असें विचारतां ‘राख उडूं नये म्हणून’ एवढेंच उत्तर मिळालें होतें. परंतु भाजणीच्या दिवशीं त्यानें वाऱ्याच्या उलट बाजूनें आग लावली, ज्वाळा वर आली तेथें आणखी माती टाकली. तेव्हां कळलें कीं आग धुमसत राहून जमीन व तणाचें बीं भाजावें हाहि हेतु. हातांस ठाऊक असलेलें सर्वच जिभेवर येत नाहीं.

एकाच माणसाच्या मागें छायेप्रमाणें राहून त्याचें काम टिपण्याच्या या रीतीस पाश्चात्य अभ्यासक ‘शॅडोइंग’ म्हणतात. मॅलिनोव्स्कीनें ट्रोब्रियंड बेटांत वस्ती करून सबंध समाज न्याहाळला. येथें दृष्टि एका व्यक्तीवर. हॅरी वॉल्कॉट यानें अमेरिकेंतील एका मुख्याध्यापकाचा असा पाठपुरावा करून १९७३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) ग्रंथांतील बलुतेदारांचें वर्णनहि प्रत्यक्ष पाहण्यांतूनच आलें आहे.

संमति आधीं घ्यावी, शब्द उच्चारला जातांच लिहावा, हातचें काम थांबवून प्रश्न विचारूं नये. पहिल्या एकदोन दिवसांचीं टिपणें मात्र बेतानेंच मानावीं. शाळातपासनीस वर्गांत बसला म्हणजे आम्हीहि निराळेंच शिकवीत असूं.

सदरहू कलमाची मिती चैत्रांतील आहे, इकडे पूर्वीं लक्षच गेलें नव्हतें. त्याखालीं मी ‘केवळ’ वाचलेला शब्दहि ‘कवळ’च निघाला. सबंध पान पुन्हां लावीत आहें.