गजकर्ण जुनेच, बुरशी नवी

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. आमच्या लांज्यात ओटीपासून माजघरापर्यंत दोऱ्या बांधल्या, तरी सदरा अंगात घालताना ओलसरच लागतो. अशा ओलीत काखेत, जांघेत गजकर्ण उठायचे आणि औषध लावले की जायचे.

दोन वर्षांपूर्वी ते मला झाले. दुकानातून ट्यूब आणली. चार दिवसांत खाज थांबली, महिन्याभरात दुपटीने परतली. असे तीनदा झाले. तोवर पत्नीला आणि नातवालाही चकंदळे उठली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेले होते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते. आपल्याला वाटते रोग बरा झाला. बुरशी मात्र आत पसरत असते.

याहून मोठी गोष्ट पुढेच होती. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचे हुकमी औषध. त्याला दाद न देणारी बुरशी जपानमध्ये एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेवर सापडली. २०२० साली तिचे बारसे झाले : ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश! २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांमध्ये ती आढळल्याची नोंद झाली. त्यांतली एक तर परदेशी गेलेलीही नव्हती.

हिचा माग काढणे सोपे नाही. त्वचेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर बुरशी दिसते, पण ती कोणती ते कळत नाही. ती वाढवून पाहायला आठवडे लागतात, आणि नक्की ओळख पटायला जनुकीय तपासणी लागते. शिवाय दुकानातूनच ट्यूब नेणारा रुग्ण कुठल्याच इस्पितळाच्या वहीत येत नाही. २०१८ साली सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकायला बंदी केली. मागणारे आपणच असल्यावर बंदी किती पुरणार?

आम्हा तिघांचे उपचार एकाच वेळी, काही महिने चालले. टॉवेल वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुतले, इस्त्री करूनच घातले. खाज गेल्यावरही औषध थांबवले नाही. खरी परीक्षा तीच होती. परवा शेजारच्यांनी विचारले, ''ती जुनी ट्यूब आहे का हो?'' मी त्यांना डॉक्टरांचा पत्ता दिला.