झाडबेडकांचा शोध आणि छायाचित्रण

बोटांच्या टोकांना गोल, चिकट चकत्या असलेला बेडूक बहुधा झाडबेडूक असतो. घराजवळ तपकिरी, ठिपकेदार झाडबेडूक न्हाणीघराच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीमागे किंवा कुंड्यांच्या गारव्यात सापडतो. दिवसा तो पाय पोटाशी घेऊन निपचित बसतो, त्यामुळे सहज नजरेतून सुटतो. आंबोलीसारख्या सह्याद्रीच्या जंगलात पावसाळ्यात हिरवागार मलबारी उडता बेडूक दिसतो. त्याच्या बोटांमधले पडदे लालभडक असतात. शोधाची खरी खूण म्हणजे डबक्यावर झुकलेल्या पानांना लटकलेला पांढरा फेस. मादी स्राव पायांनी घुसळून तो बनवते आणि त्यात अंडी घालते. पुढे बेडूकमासे थेट खालच्या पाण्यात पडतात.

अंधार पडल्यावर बेडकांच्या आवाजाच्या रोखाने विजेरी घेऊन हळू जावे. फांदीला हात लावण्यापूर्वी नीट पाहावे, कारण त्याच झुडपात चापडा हा विषारी साप असू शकतो. ओल्या कातडीवर थेट फ्लॅश मारला की पांढरे डाग उमटतात. पातळ पांढरा कागद आडवा धरला तरी प्रकाश मवाळ होतो. कॅमेरा बेडकाच्या डोळ्यांच्या पातळीत ठेवून फोकस डोळ्यावर साधावा. बेडकाला मात्र हात लावू नये. आपल्या हाताला लावलेले डासप्रतिबंधक मलम त्याच्या कातडीतून सहज आत शिरते.