शनी मीनेत गेला, पण कोणत्या पंचांगाने?

शनिवारी, 29 मार्च 2025 ला, शनी मीन राशीत गेला आणि त्याच दिवशी अमावास्या आली. मकरेची साडेसाती सुटली, मेषेला लागली, हे एव्हाना घरोघरी पोचले आहे. आमच्या करंजाड्यात नाक्यावर रुईच्या माळा ओवणाऱ्या बाईंची बोटे चिकाने पांढरी झाली होती. शेजारी काळ्या उडदाच्या पुड्या, तेलाच्या छोट्या बाटल्या. माळ घेता घेता एक तरुण त्यांनाच विचारत होता, ‘मावशी, माझी मेष आहे, घराचं बुकिंग आत्ता करू का थांबू?’

त्या तरुणासाठी हा लेख.

शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत ती वाटली की एका राशीला साधारण अडीच वर्षे येतात. जन्मराशी, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशींची मिळून साडेसाती. हिशेब सरळ आहे. घोळ आहे तो रास कुठे सुरू होते यात, कारण आकाशात राशींच्या हद्दी आखलेल्या नाहीत.

आपली बहुतेक पंचांगे चित्रा तारा धरून चालतात, त्यांचा मुहूर्त 29 मार्चचा. सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजणाऱ्या, गणिताने शनी 2023 च्या मार्चमध्येच मीनेत शिरला होता आणि 2025 च्या मे महिन्यात तो मेषेत गेला. टिळक पंचांगाचा आरंभबिंदू चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा, म्हणून त्यांची मकरसंक्रांत 10 जानेवारीला येते आणि शनीही आधीच रास बदलतो. सगळ्यात बोलके उदाहरण कारैकालजवळच्या तिरुनळ्ळारचे. दक्षिणेतल्या या सर्वांत प्रसिद्ध शनिक्षेत्राने 2025 मध्ये जाहीरच केले की आमच्या वाक्य पंचांगानुसार शनिपालट 2026 मध्ये आहे. म्हणजे मेषेच्या माणसाला शनिशिंगणापुरात साडेसाती लागली आणि तिरुनळ्ळारात अजून वर्षभर अवकाश होता! ग्रह एकच, माणूस एकच.

यावर ‘गणित चुकले तरी फलित खरे’ असे उत्तर मिळते. फलिताची परीक्षा आपल्याच पुण्यात झाली आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन ती घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि एवढेच विचारले: कोणती कुंडली कोणत्या गटातली? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी जुळली असती. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, 102 बरोबर आल्या. ही परीक्षा साडेसातीची नव्हती, हे मान्य. पण कुंडलीतून एवढा ठळक फरक दिसत नसेल, तर फ्लॅट घ्यावा की नाही हे तिच्यातून कसे दिसणार? नारळीकरांनी कुणाची टिंगल केली नाही, ज्योतिषांनाच बोलावून तपासून पाहिले. हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो.

शिंगणापूरच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. छपराविना उघड्या चौथऱ्यावर उभी ती काळी शिळा, बिनदाराच्या घरांचे गाव, आणि 2016 च्या पाडव्याला स्त्रियांसाठी खुला झालेला चौथरा, याचा मान राखलाच पाहिजे. तिथल्या ग्रामसभेचा निर्णयही शहाणपणाचा आहे: भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते म्हणून 1 मार्च 2025 पासून फक्त शुद्ध, ब्रँडेड खाद्यतेलच वाहायचे. माझे भांडण आहे ते भीती दाखवून शांतीची पावती फाडणाऱ्यांशी. मेषेच्या त्या तरुणाने शनिवारी तेल जरूर वाहावे. बुकिंगचे मात्र त्याने बिल्डरची महारेरा नोंदणी आणि आपला हप्ता बघून ठरवावे.