वाढवलेल्या घराचा अभ्यास: काय विचारायचं आणि काय लिहायचं नाही

घराला मागे एक खोली काढली, गॅलरी बंद करून अभ्यासाची जागा केली, चाळीतल्या खोलीत पोटमाळा टाकला. हे आपल्या इतकं रोजच्या बघण्यातलं आहे की यात कसलं संशोधन, असं वाटू शकतं. पण गृहनिर्माणाच्या अभ्यासात हा मोठा विषय आहे. तुम्ही त्यात उतरणार असाल, तर 'किती चौरस फूट वाढलं?' या प्रश्नावर थांबू नका.

नवी मुंबईतलं बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज घ्या. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली. एका छोट्या चौकाभोवती सात घरं, आणि शेजाऱ्यांमध्ये सामाईक भिंत नाही. एकाने खोली वाढवली तर दुसऱ्याच्या भिंतीला धक्का लागू नये, म्हणून. म्हणजे घरं वाढणार, हे आराखड्यातच धरलेलं होतं. आज तिथे बऱ्याच जुन्या घरांच्या जागी मोठी घरं उभी आहेत.

मग योजना यशस्वी झाली की फसली? चौरस फुटांचा तक्ता हे सांगत नाही. जुन्या घराला खोली जोडली काय किंवा जुनं घर पाडून नवं बांधलं काय, तक्त्यात दोन्ही 'वाढ'च. ती मूळ कुटुंबाने केली की नंतर घर विकत घेणाऱ्याने, तेही त्यात दिसत नाही.

म्हणून प्रत्येक खोलीचा इतिहास विचारा. 'कोणत्या साली बांधली?' असं विचारलं तर लोक अडखळतात. 'मुलाच्या लग्नाआधी की नंतर?' असं विचारा, लगेच उत्तर येतं. पैसा कुठून आला, दिवसा तिथे काय चालतं, रात्री कोण झोपतं, हेही टिपून घ्या. कागदावरची 'बेडरूम' दिवसभर शिवणकामाची जागा असू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाढवलेल्या प्रत्येक खोलीला परवानगी असतेच असं नाही. तुम्ही काढलेला नकाशा उद्या त्याच कुटुंबाविरुद्ध पुरावा होऊ शकतो. नाव बदललं की झालं, असं समजू नका. सात घरांच्या चौकात 'कोपऱ्यातलं, वर पत्र्याची खोली असलेलं घर' एवढं वाक्यसुद्धा घर ओळखायला पुरतं. तेव्हा घर क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा, त्याची यादी वेगळी आणि कुलूपबंद ठेवा, दर्शनी भागाचे फोटो प्रबंधात टाळा. नकाशा छापायचाच असेल तर तो आधी त्या घरच्यांना दाखवा आणि ते नको म्हणाले तर काढून टाका.

प्रबंधातला एक नकाशा कमी झाला तरी चालेल. त्यांची खोली मात्र तुमच्यामुळे जाता कामा नये.