पडद्यावरची वहिवाट

शेताच्या बांधावरून माणसे वर्षानुवर्षे ये-जा करीत राहिली, की त्या वाटेवर वहिवाटीचा हक्क उत्पन्न होतो आणि मालकालाही ती मनमानीने बंद करता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरही हाताची अशीच वहिवाट पडते, आणि निरनिराळ्या संगणकप्रणालींची तुलना करताना त्यांच्या बाह्य सौंदर्यापेक्षा तिचा विचार प्रथम व्हावा, असे मला वाटते.

खिडक्या आणि माऊस यांची पद्धत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, १९७३ च्या ‘आल्टो’ संगणकावर आकारास आली. पुढे १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशने आणि १९८५ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने ती सामान्यजनांपुढे मांडली. मॅकने मेनूची पट्टी पडद्याच्या माथ्यावर कायम केली, विंडोजने ती ज्या त्या खिडकीत ठेवली. जवळची वस्तू लवकर हाती लागते, या न्यायाने विंडोजची योजना अधिक सोयीची वाटेल. परंतु मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखविल्याप्रमाणे, लक्ष्य गाठण्यास लागणारा वेळ जसा अंतरावर तसाच लक्ष्याच्या आकारावरही अवलंबून असतो, आणि पडद्याच्या कडेला बाण आपोआप थांबत असल्यामुळे तेथील अरुंद पट्टीही हाताच्या दृष्टीने भिंतीएवढी उंच होते. उलटपक्षी, पडदा विस्तीर्ण असेल आणि अनेक खिडक्या उघड्या असतील, तर कोणता मेनू कोणत्या खिडकीचा, हे विंडोजमध्ये अधिक स्पष्ट राहते.

तात्पर्य, दोन्ही योजना सकारण आहेत. अन्याय होतो तो पडलेली वाट अकस्मात मोडण्यात. विंडोज ९५ पासून डाव्या कोपऱ्यातील स्टार्ट बटणाकडे आपसूक वळणाऱ्या हातांना २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते बटणच सापडेना. पुढल्या वर्षी बटण परतले, पण जुन्या धर्तीचा मेनू परतण्यास २०१५ चे विंडोज १० यावे लागले. लिनक्सच्या प्रांतातही २०११ साली ‘ग्नोम’ या पडद्याच्या रचनाप्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी मांडणी रद्द केली. परंतु तेथे प्रणालीची मूळ संहिता सर्वांस खुली असल्यामुळे, ज्यांना ती मांडणी प्रिय होती त्यांनी ‘माटे’ या नावाने ती चालू ठेवली, आणि वरिष्ठांच्या हुकुमाची प्रतीक्षा न करता वाटसरूंनीच आपली वाट राखली.

वाट बदलण्याची मुभा रचनाकाराला अवश्य असावी; मात्र नवी वाट पायाखालची होईपर्यंत जुनी खुली ठेवणे, हे त्याचे कर्तव्य होय.